कूटहून निघालेली माणसं

आठ वर्षं छावणीत काढलेल्या माणसाला सगळ्यात जास्त हळहळ कशाची वाटत असेल? इव्हान देनिसोविच शुखोवला बुटांची वाटते. ऑक्टोबरात त्याला दणकट, नवेकोरे बूट मिळाले होते. ग्रीस चोळून चोळून त्याने ते मऊ केले, आठवडाभर टाचा वाजवत हिंडला. डिसेंबरात थंडीचे लोकरी बूट आले आणि वरून हुकूम सुटला की दोन जोड ठेवायचे नाहीत, एक जमा करा. नवे बूट ढिगात गेले. आठ वर्षांत त्याला एवढं वाईट कशाचंच वाटलं नाही. रशियन लेखक सोल्झेनित्सिनची ही छोटी कादंबरी १९६२च्या नोव्हेंबरात मॉस्कोच्या ‘नोवी मीर’ मासिकात आली आणि छावण्यांबद्दल उघड बोलायची सोय नसलेल्या देशात ती हातोहात गेली. तिच्यात कुणी मोठं भाषण करत नाही. एका कैद्याचा एक दिवस, पहाटेच्या टोल्यापासून रात्रीच्या हजेरीपर्यंत. भाकरीचा तुकडा गादीत शिवून ठेवणं, स्वतः ओतलेला चमचा बुटात खोचणं, कण्यांच्या जास्तीच्या वाटीसाठी डोकं चालवणं. वाचताना जीव त्या वाटीत अडकतो.

प्रिमो लेवीने तर स्पष्टच लिहून ठेवलंय की छावणीत मरण बुटांपासून सुरू होतं. लेवी ट्युरिनचा रसायनशास्त्रज्ञ. फेब्रुवारी १९४४मध्ये त्याला ऑश्विट्झला नेलं आणि हातावर १७४५१७ हा आकडा गोंदला. बूट कसे मिळत, हे तो बारकाईने सांगतो. गर्दीत नजरेनेच एक बूट उचलायचा, जोड नव्हे, आणि एकदा उचलला की बदलायची मुभा नाही. एक बूट सैल, एक घट्ट. घट्ट बुटाने जखम होते, जखम चिघळते, पाय सुजतो, माणूस मागे पडतो, मागे पडला की मार बसतो. सुजलेले पाय घेऊन इस्पितळात जाणं धोक्याचं, कारण ते बरे होणारे नाहीत हे डॉक्टरांना ठाऊक आणि एसएसवाल्यांनाही. सुटकेनंतर घरी परतायच्या लांबच्या प्रवासात त्याला एक ग्रीक सोबती भेटतो. तो लेवीला झापतो की लढाईत आधी पायताण बघावं, मग अन्न. पायांत काही असलं तर माणूस हिंडून अन्न मिळवेल, उलटं होत नाही.

ही पुस्तकं मी बेळगावात बसून वाचली. नोकरीत असताना थोडी, निवृत्तीनंतर बरीच. ज्या पानांवर बूट आले त्या पानांवर मला प्रत्येक वेळी आमच्या गावचा एक म्हातारा आठवला. मी त्याला पाहिलेलं नाही, तो माझ्या जन्माआधी गेला. तो माझ्या आज्जीचा चुलत सासरा, निपाणीच्या पुढे संकेश्वरच्या अंगाला आमचं गाव, तिथला. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीत होता, इराकातल्या कूटला तुर्कांच्या हाती सापडला आणि लढाई संपल्यावर परत आला. गावात तोवर त्याचं दिवसपाणी उरकलं होतं म्हणतात.

परत आल्यावर तो रात्री वहाणा उशाला घेऊन झोपायचा. वहाण उंबऱ्याच्या आत आणली तरी बोलणी खावी लागतील असल्या घरात हा माणूस वहाणांवर डोकं ठेवून झोपे. घरच्यांनी त्याचा अर्थ आपल्या परीने लावला. वहाण उशाला घेतली की वाईट स्वप्नं पडत नाहीत असा आपल्याकडे समज आहे, तेव्हा म्हाताऱ्याला लढाईतली भुतं दिसतात, असं ठरलं आणि कुणी आडवं आलं नाही. आज्जी सांगायची, धोतराला ठिगळ असायचं पण वहाण अथणीची, चांगल्यातली. एक जोड पायांत, दुसरा तेल लावून कोनाड्यात. तिने नवी सून असताना कधीतरी कोनाडा झाडताना तो जोड ओसरीवर ठेवला, तर म्हातारा उभ्याउभ्या थरथरायला लागला. सासूने तिला आत बोलावून सांगितलं, “त्यास्नी काय इचारू नगंस. तसंच ठेव जा.” मग तिने कधी विचारलं नाही. कुणीच विचारलं नाही.

आता कूटची हकिकत सांगते, कारण आमच्या भागातल्या किती तरी घरांचा तिच्याशी संबंध आहे आणि आमच्याच पोरांना ती माहीत नाही.

कूट-अल-अमारा हे इराकात तैग्रिस नदीच्या वळणात वसलेलं गाव. जनरल टाउनशेंडची सहावी पुणे डिव्हिजन बगदादवर चालून गेली, टेसिफोनला मार खाऊन मागे फिरली आणि डिसेंबर १९१५मध्ये कूटमध्ये अडकली. तीत तीन मराठा पलटणी होत्या, १०३, ११० आणि ११७. वेढा १४७ दिवस चालला. सोडवायला आलेल्या फौजेची हजारो माणसं वाटेतच पडली. ‘जुलनार’ नावाची बोट धान्य भरून रात्री नदीतून सोडली, ती तुर्कांनी धरली. विमानातून पिठाची पोती टाकली, लढाईच्या इतिहासात हा प्रकार पहिल्यांदाच होत होता, पण ती पोती किती जणांना पुरणार? पैसे देऊन फौज सोडवून घ्यायची बोलणीही झाली, तुर्कांनी नाकारली. आत घोडे कापले जात होते. हिंदी शिपाई बरेच दिवस घोड्याचं मांस खाईनात. गावी कळलं तर जातीत घेतील का, मुलींची लग्नं होतील का, ही त्यांची धास्ती. धर्मगुरूंकडून तारेने परवानग्या मागवल्या गेल्या. तोवर तोंडाला रक्त येणं, दात हलणं, अंगावर काळे डाग हे सगळं सुरू झालं होतं. रानातला पाला शिजवून खाल्ला, त्यात काही विषारी निघाला.

२९ एप्रिल १९१६ला कूट पडलं. सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली. जनरलसाहेबांची रवानगी इस्तंबूलजवळच्या एका बेटावर झाली आणि तिथे त्यांची बडदास्त पाहुण्यासारखी राहिली. इतर अधिकाऱ्यांना शिपायांपासून वेगळं काढलं. शिपायांना चालवलं. आधीच उपाशी, त्यात शुमरानच्या तळावर दगडासारखी बिस्किटं खाऊन जुलाबाने माणसं पटापट मेली. मग बगदाद, तिक्रित, मोसुल, निसिबिन, रास-अल-ऐन. मधला थोडा टप्पा आगगाडीचा, बाकी शेकडो मैल उन्हाळ्यात, वाळवंटातून पायी. पहारेकरी रात्री झोपलेल्यांचे बूट काढून नेत. उरलेल्यांचे बूट पाण्याच्या घोटासाठी, मूठभर खजुरांसाठी विकले गेले. पायांना चिंध्या गुंडाळून माणसं चालली, चिंध्या संपल्या की तशीच चालली. बसला तो बसलाच. जी पोहोचली त्यांना बर्लिन-बगदाद रेल्वेच्या कामावर लावलं.

हे वाचलं त्या दिवशी मला तो कोनाड्यातला जोड कळला.

सुमारे २,६०० गोऱ्या शिपायांपैकी १,७००हून जास्त कैदेत मेले. हिंदी शिपाई नऊ हजारांच्या वर होते. त्यांतले अडीच हजारांच्या आसपास मेले किंवा पुढे त्यांचा ठावठिकाणा लागला नाही. हिंदी मृतांची मोजदाद गोऱ्यांइतकी काळजीने झालेली नाही, आणि ही गोष्ट मला आकड्यापेक्षाही जास्त लागते.

कूटच्या कैदेवर एका हिंदी माणसाने लिहिलेलं पुस्तक आहे, ते बंगालीत. शिशिर प्रसाद सर्वाधिकारी बेंगॉल अ‍ॅम्ब्युलन्स कोअरमध्ये होते. पकडले गेले, चालवले गेले, रास-अल-ऐनला आणि अलेप्पोला राहिले. त्यांनी डायरी ठेवली होती. झडती होणार म्हणून पानं फाडून बुटात लपवली आणि पुढे त्यावरून पुन्हा लिहून काढली. ‘अभि ले बगदाद’ हे त्यांचं पुस्तक १९५८ साली निघालं. रास-अल-ऐन म्हणजे तुर्कांनी हद्दपार केलेल्या आर्मेनियन लोकांची वाळवंटातली छावणी. तिथे त्यांची कत्तल नुकतीच झाली होती, आणि त्याच ठिकाणी आमची माणसं रुळांसाठी माती टाकायला आणली गेली. निपाणी, चिकोडी, खानापूर, चंदगडकडच्या ज्या कुणब्यांनी तोवर पंढरपूरपलीकडचं जग पाहिलं नव्हतं, त्यांनी विसाव्या शतकातल्या पहिल्या मोठ्या नरसंहाराच्या खुणा डोळ्यांनी पाहिल्या. घरी येऊन त्यांनी तंबाखू लावली, बैलं घेतली, पोरींची लग्नं केली. बंगालीत एक डायरी झाली, तशी मराठीत माझ्या हाती लागलेली नाही. लिहिता येणारे थोडे होते हे खरं. पण मला वाटतं, ऐकायला कोणी बसलं नाही हेही तितकंच खरं.

आपल्याला तुरुंगाचं वाचन कमी नाही. उलट मराठी माणसाइतकं तुरुंगाबद्दल वाचलेला वाचक विरळा. टिळकांनी मंडालेला पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहिलं. साने गुरुजींनी धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीताप्रवचनं उतरवून घेतली आणि नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. ‘माझी जन्मठेप’ १९२७ची, त्यातला कोलू आणि भिंतीवर कोरलेल्या कविता शाळकरी वयातच आपल्या डोक्यात बसतात. सावरकरांना १९५० साली तीनेक महिने ठेवलं होतं ते आमच्या हिंडलग्याच्या जेलात. बेळगावातल्या जुन्या माणसांना ते अजून सांगावंसं वाटतं. सीमालढ्यात हिंडलग्याला जाऊन आलेले तर गल्लोगल्ली निघतील, आणि १ जून १९८६च्या गोळीबारातल्या हुतात्म्यांचं स्मारकही हिंडलग्यालाच आहे. दरवर्षी तिथे जाणाऱ्यांतली मी एक आहे.

या सगळ्याचा मला अभिमान आहे. पण त्यामुळे आपली एक समजूत होऊन बसली आहे की तुरुंग म्हणजे तपश्चर्येची जागा. आत गेलेला मोठा होऊन बाहेर येतो, बरोबर एक ग्रंथ घेऊन येतो. तिथला कैदी आपण का आत आहोत हे जाणतो, बाहेर त्याचे लोक असतात, त्याच्या नावाने घोषणा होतात. छावणीतल्या कैद्याजवळ यातलं काही नसतं. तो तिथे असतो कारण त्याच्या जनरलने शरणागतीवर सही केली, किंवा तो ज्यू जन्मला, किंवा पोलंडातलं त्याचं गाव नकाशाच्या चुकीच्या बाजूला गेलं. रशियन लेखक वरलाम शालामोव्हने सैबेरियातल्या कोलिमाच्या छावण्यांत, थंडीत किती तरी वर्षं काढली आणि तो ठामपणे सांगत आला की छावणीतून माणूस काहीही चांगलं शिकत नाही, ते कुणी पाहूच नये असं असतं. मराठी वाचकाच्या पचनी हे सहज पडत नाही. माझ्याही पडायला वेळ लागला. पण उशाला वहाणा घेऊन झोपणारा म्हातारा शालामोव्हच्या बाजूचा साक्षीदार आहे.

इथे मला व्हिक्टर फ्रँकलबद्दल बोललं पाहिजे, कारण छावणीवरचं जे एक पुस्तक आपल्याकडे घरोघरी पोहोचलंय ते त्याचं. महाविद्यालयांतल्या व्याख्यानमालांत त्याचं नाव हमखास येतं. ज्याच्याजवळ जगण्याचं कारण होतं तो तगला, तेव्हा पोरांनो, ध्येय ठेवा. फ्रँकल ऑश्विट्झमधून आणि आणखी छावण्यांतून तगून आला, त्याला बोलायचा पूर्ण हक्क आहे. त्यानेच सुरुवातीच्या पानांत लिहिलंय की जे परत आले त्यांना ठाऊक आहे, आपल्यातले सर्वांत चांगले परतलेच नाहीत. हे वाक्य व्यासपीठावरून मी कधी ऐकलं नाही. ते वगळलं की उरलेल्याचा अर्थ भयंकर होतो. मग कूटच्या वाटेवर जे बसले आणि उठले नाहीत, त्यांच्याजवळ जगायला कारण नव्हतं का? त्यांच्या बायका पेरणीसाठी थांबल्या नव्हत्या?

हे तपासून बघायला आमच्याच पलटणीची दुसरी हकिकत आहे. २१ जून १९४२ला लिबियातलं टोब्रुक पडलं. तेहतीस हजारांच्या आसपास माणसं कैद झाली, त्यांत पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन. पंचवीस वर्षांचं अंतर सोडलं तर ही कूटला गेलेल्यांच्याच गावांतली, काही तर त्याच घरांतली पोरं. त्यांनाही वाळवंट, तहान, मार चुकला नाही. पण तिथून जे हिंदी कैदी इटलीला आणि पुढे जर्मनीला नेले गेले, त्यांतले बहुतेक जगले. का? १९२९चा जिनिव्हा करार होता आणि तो दोन्ही बाजूंनी बराचसा पाळला गेला. रेडक्रॉसची पार्सलं पोहोचत होती. लंडनमध्ये इंडियन कम्फर्ट्स फंड म्हणून संस्था होती, तिथे बसून बायका हिंदी कैद्यांसाठी खोके भरत. त्यांत आटा, डाळ, तूप, मसाला. फ्रान्समध्ये एपिनालला हिंदी कैद्यांची मोठी छावणी होती, ११ मे १९४४च्या बाँबहल्ल्यात तिच्या भिंती फुटल्या, तेव्हा शेकडो जण डोंगर ओलांडून स्वित्झर्लंडला पोहोचले. तेवढं चालायची ताकद त्यांच्यात होती, कारण त्यांच्या पोटात होतं आणि पायांत होतं.

त्याच वेळी जर्मनांच्याच हाती सत्तावन्न लाखांच्या आसपास रशियन शिपाई होते. रशियाने त्या करारावर सही केलेली नाही हे निमित्त पुढे करून त्यांना उघड्या माळावर उपाशी ठेवलं. तेहतीस लाखांच्या आसपास मेले. ते काय कमी हिमतीचे होते? हिमतीने माणूस तगतो हे मी आता कुणालाही सांगणार नाही. तगणं ठरतं ते कुणाच्या तरी सहीने, खोक्यातल्या आट्याने, पहारेकऱ्याच्या मर्जीने. लेवीला सहा महिने रोज स्वतःच्या वाटणीतलं सूप आणून देणारा लॉरेन्झो नावाचा इटालियन गवंडी भेटला, आणि शेवटी त्याला लाल ताप आला म्हणून तो जगला. जानेवारी १९४५मध्ये जर्मनांनी छावणी रिकामी करून हजारो कैद्यांना बर्फातून चालवत नेलं, आजाऱ्यांना मागे टाकलं. धडधाकट होता तो त्याचा जिवलग मित्र अल्बेर्तो त्या वाटेवर गेला. आजारी लेवी २७ जानेवारीला रशियनांना जिवंत सापडला. जन्मभर त्याला हे बोचत राहिलं. म्हातारपणी त्याने लिहिलं की तगले ते चांगल्यांतले नव्हते.

आणि तगून आलेल्यांचं पुढे काय होतं? शुखोव छावणीत का आहे हे कादंबरीत ओझरतं येतं. जर्मनांनी त्याला पकडलं होतं, दोन दिवसांत तो निसटून आपल्या फौजेत परतला. शत्रूच्या हाती पडलास म्हणजे हेर असणार, म्हणून दहा वर्षं. स्टालिनच्या १९४१च्या हुकुमाने शरण जाणं म्हणजे गद्दारीच ठरवली होती. हे फक्त स्टालिनच्या राज्यात होतं असंही नाही, आमच्या उंबऱ्याशी घडलेलं उदाहरण आहे. डिसेंबर १९६१मध्ये गोवा घ्यायला निघालेली सतरावी डिव्हिजन बेळगावात गोळा झाली होती. रस्ते लष्करी गाड्यांनी भरलेले पाहिलेली माणसं अजून आहेत. तिकडे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारने गोव्यातल्या आपल्या गव्हर्नरला कळवलं होतं की पोर्तुगीज कैदी असणार नाहीत, शिपाई असतील ते विजयी किंवा मेलेले. गव्हर्नर व्हासालो इ सिल्व्हाने ते ऐकलं नाही, तो शरण गेला आणि तीन हजारांवर पोरांचे जीव वाचले. गोव्यातल्या कैदी छावण्यांतून ती मे १९६२मध्ये लिस्बनला पोहोचली, तर स्वागताला बंदूकधारी पहारा. गव्हर्नरला सैन्यातून हाकललं. पोर्तुगीजांच्या तुरुंगात सडलेल्या गोवा सत्याग्रहींची बाजू ती माझी बाजू आहे, तरी त्या माणसाने जे केलं ते मला मोठं वाटतं.

मराठा पलटणींच्या मानचिन्हांत ‘डिफेन्स ऑफ कूट-अल-अमारा’ आहे. १४७ दिवस गाव राखल्याचा तो सन्मान. नंतरच्या अडीच वर्षांना नाव नाही. फौजेचा रिवाज मला कळतो. पण घरांनीही तोच रिवाज उचलला. पराक्रमाचं पदक भिंतीवर लागलं आणि कैद कोनाड्यात गेली.

कैदेचा विषय निघालाच आहे तर आपल्याकडे आणून ठेवलेल्यांचीही आठवण काढू. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातल्या जर्मन पुरुषांना अहमदनगरला डांबलं होतं आणि बायकामुलांची छावणी होती बेळगावात. मिशनऱ्यांची, व्यापाऱ्यांची कुटुंबं. १९१७ साली रेडक्रॉसचे प्रतिनिधी ती पाहून गेले. हाल म्हणावेत असं तिथे नव्हतं, पण दोन-चार वर्षांच्या पोरांनी कुठल्या राजाशी वैर केलं होतं? मी कॅम्पात भाजी आणायला जाते तेव्हा त्या मुलांचा विचार मनात येतो.

दुसरी आठवण चांगली आहे. निपाणीहून तासाभराच्या वाटेवर, कोल्हापूरजवळ वळिवडे. १९४३ ते ४८ तिथे पाचेक हजार पोलिश निर्वासित राहिले, जास्त करून बायका आणि मुलं. स्टालिनने १९४०-४१मध्ये त्यांना मालगाड्यांत कोंबून सैबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकलं होतं. सुटल्यावर इराणमार्गे ती इथवर आली. म्हणजे शुखोवच्या जगातून तगून आलेली माणसं पंचगंगेच्या काठी शाळा, चर्च, नाटकं करत होती. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले आणि आजचं गांधीनगर झालं. तिथे लहानाची मोठी झालेली पोलिश मुलं म्हातारपणी कोल्हापूरला येऊन रडून गेली. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. आपण कुणाला तरी नीट वागवलं, एवढ्यावर ते उभं आहे.

आमच्या बाजूच्या बऱ्याच गावांत चावडीवर किंवा देवळाच्या भिंतीत पहिल्या महायुद्धाची संगमरवरी पाटी असते. या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. दोनच आकडे. किती जण कैदेत गेले आणि किती परत आले, त्याला पाटीवर जागा नाही. म्हणून हल्ली कुणाच्या घरी पलटणीचा विषय निघाला की मी पदकांचं विचारत नाही. पकडले गेले होते का, पत्र आलं होतं का, आल्यावर कसे वागायचे, हे विचारते. पहिला कप चहा होईस्तोवर नाही म्हणतात. मग आतून एखादी म्हातारी काहीतरी सांगू लागते. कुणी पेटीजवळ झोपायचं, कुणी पंगतीत वाढणाऱ्याच्या हाताकडे टक लावून बघायचं.

खानापूरच्या बाजूला माझा एक जुना विद्यार्थी आहे. त्याच्या आज्जाची ट्रंक उघडली तर तळाला कैद्यांचं एक इटालियन छापील कार्ड निघालं, १९४३चं, वर छावणीचा नंबर ९१. म्हणजे अवेझानो, जिथे हिंदी कैदी होते. मजकूर पेन्सिलीचा, मोडीच्या वळणाची बाळबोध अक्षरं. मी खुशाल आहे. बैल विकू नका. धाकट्याला शाळेत घाला. आणि खाली, पकडलो म्हणून गावात सांगू नका.

ते त्यांनी पाळलं होतं. ऐंशी वर्षं.

विद्यार्थ्याने कार्ड दोन-तीनदा उलटसुलट केलं आणि विचारलं, “बाई, हे आता लोकास्नी सांगितलं तर चालंल न्हवं?”

मी म्हटलं, “चालंल की. सांगच तू.”

मग हे अवेझानो कुठं आलं, असं त्याने विचारलं. रोमच्या पूर्वेला, डोंगरात, हिवाळ्यात बर्फ पडतं तिथे, मी सांगितलं. त्याने मोबाइलवर नकाशा उघडला, बोटांनी मोठा केला आणि आईला दाखवायला आत घेऊन गेला.